डोळ्यातला जागल्या

१

रामकिशनचा उजवा डोळा मरायला टेकला होता, आणि तरीही तो लाल होत नव्हता.

डॉक्टर पंचशीला सोनकांबळे हिला सगळ्यात आधी खटकलं ते हेच. बुबुळाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी जखम, तिचा तळ पातळ होत चाललेला. अजून थोडं झिजलं की भोक पडणार. असा डोळा कसा पाहिजे? रक्ताळलेला, सुजलेला, पाण्याच्या धारा लागलेला. उजेड दाखवला की माणसानं आईच्या नावानं हंबरडा फोडायला पाहिजे. आणि हा पंचविशीचा गडी खाटेवर मांडी घालून निवांत भाकरी मोडत बसला होता. बुबुळावरचा तो दुधी डाग सोडला तर डोळा धुतल्या धोतरासारखा पांढरा.

"दुखतंय का?"

"न्हाई बाई. आता काईच न्हाई. आधी लई दुखायलं होतं."

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. दवाखान्याच्या पाटीवर 'जिल्हा' हा शब्द नव्या रंगात होता, बाकीची पाटी जुन्याच. डोळ्यांच्या डॉक्टरची जागा निघाली म्हणून पंचशीला नांदेडहून इथं आली, तर विभाग म्हणजे एक टेबल, एक टॉर्च आणि उंदरानं खालून कुरतडलेला वाचायचा तक्ता. त्यात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. गावोगाव टँकर, गावोगाव दुष्काळी कामं, आणि त्या कामांवरच्या धुळीत डोळ्यांची साथ. रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर लाल डोळ्यांची जत्रा भरायची.

फौजदार नरसिंगराव टोपी काखेत धरून दारातच उभे होते. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता.

"बाई, मला एक दाखला पाहिजे. ह्याचा डोळा कशानं गेला, दोन ओळीत लिहून द्या. बाई चौकीत बसवून ठेवलीय, उद्या कोर्टापुढं न्यायची."

"कोण बाई?"

"सरजाबाई. ह्याच्याच गावची, किल्लारीच्या पलीकडची. बुद्धवाड्यातली. तिनं ह्याच्या डोळ्यात सुनेचं दूध पिळलं, ते डोळ्यातच नासलं, ह्याची मायच सांगती. बघा की, विरजल्यासारखा डाग दिसायलाय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "राग मानू नका, पण तुम्ही पण त्याच समाजाच्या. जपून लिहा. लोकाच्या तोंडाला काय, झाकण थोडंच हाय."

पंचशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शिकून डॉक्टर होईपर्यंत ही आग गिळायचीही सवय झालेली असते. तिनं कापसाची बारीक वात वळली आणि तिचं टोक रामकिशनच्या बुबुळाला लावलं. माणूस कितीही धीट असो, बुबुळाला केस लागला तरी पापणी मिटतेच. रामकिशनची पापणी हललीसुद्धा नाही.

"दाखला उद्या दुपारी," ती म्हणाली. "सरजाबाईला चौकीत बसवलं कधी?"

"हा इथं भरती झाला त्याच्या आदल्या दिवशी."

"मग ऐका, फौजदारसाहेब. हा इथं आला तेव्हा ही जखम आतापेक्षा निम्मी होती. सरजाबाई तुमच्या कुलपात आहे, आणि इथं माझ्या दवाखान्यात ह्या डोळ्याचा कुणीतरी रोज घात करून राहिलंय."

२

"म्हंजे? डोळा पांढरा तर चांगला की," फौजदार बाकावर टेकत म्हणाले.

"आपली सगळ्यांची तीच समजूत. रोग शिरला की शरीर आपली माणसं पाठवतं, रक्तातनं. ती येऊन झुंजतात. त्यांची धावपळ म्हणजेच लाली, सूज, पाणी. लाली हा रोग नव्हे साहेब, लाली ही राखण."

फौजदारांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तेव्हा पंचशीलानं ती गोष्ट काढली, जी तिच्या घरात कुणी मोठ्यानं सांगत नसे.

"माझा आज्जा हदगावकडं जागल्या होता. रात्रभर गावाला हाका घालत फिरायचं, हे त्याचं काम. एकदा चोर वेशीशी घुटमळले, तर ह्यानं रात्रभर बोंब ठोकली. सकाळी वाड्याच्या मालकानं त्याला बडवला, का तर झोपमोड झाली. दुसऱ्या रात्री आज्जा गप बसला. चोरांनी वाडा धुऊन नेला. मग पुन्हा बडवला, का तर गप का बसलास."

फौजदार कसनुसं हसले, मग हसायचं थांबले.

"ह्या डोळ्यातल्या जागल्याचं तोंड कुणीतरी दाबलंय," ती म्हणाली. "तसे थेंब मिळतात बाजारात. घातले की लाली गायब, ठणका गायब, माणूस खूश. कधी कधी राखणदारच माजतात, घरातलीच मोडतोड करतात, तेव्हा आम्ही स्वतःच ते देतो, पण आधी चोराला बांधून. साथीच्या साध्या डोळ्यांत ते पडले तरी बहुतेकदा निभावतं, कारण तो रोग आपल्या पावलानं येतो आणि आपल्या पावलानं जातो. पण एक चिवट विषाणू असतो. लहानपणी अंगात शिरतो आणि नसेत झोपून राहतो. राखण जागी आहे तोवर त्याची टाप नसते. ऊन, ताप, उपासमार झाली की उठतो. कधी ओठावर फोड काढतो..."

"ताप फुटला म्हणतात ते?"

"तेच. आणि कधी डोळ्यात उतरतो. तिथं राखण झोपलेली असली की त्याला रान मोकळं. बुबुळ कुरतडत जातो, आणि बुबुळाची जाणीवच मेलेली असल्यामुळं माणसाला कळतही नाही."

फौजदारांनी मागं वळून बघितलं. रामकिशन भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत होता. त्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात वाळलेली, काळसर खपली होती.

"ह्याच्या खाटेजवळ जातं कोण?" त्यांनी विचारलं.

"तिघंच," दारातनं कंपाउंडर व्यंकटी म्हणाला. त्याची बोटं जखमेच्या औषधानं कायम जांभळी. "ह्याची माय, कामावरचा मुकादम, आणि मी. आता माझ्यावर शक घेऊ नका बाई, मला माझ्याच पोराच्या डोळ्यात काजळ घालायचं म्हणलं तर हात कापतो."

३

रामकिशनची आई पार्वतीबाई दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत तीन दगडांवर वरण शिजवत बसली होती. काटक बाई. हाताला हळद, पदराला काजळी.

"कसं काय झालं, मावशी?"

"काय सांगू बाई. साऱ्या गावाचे डोळे आले, तसे ह्याचे आले."

"डोळे आले, की डोळा आला?"

पार्वतीबाईला त्या दुःखातही हसू फुटलं. "अगं माय! डोळा येतो व्हय कुठं? डोळे येत्यात! शिकलेल्या तुम्ही, एवढं बोलणं कळंना?"

खरंच होतं. आपल्या भाषेत डोळे येतात, एक डोळा कधी येतच नाही. एकाला झालं काय, दोन्हींना झालं काय, शब्द एकच. पंचशीलानं रामकिशनला विचारलं, त्यानंही तेच सांगितलं, डोळे आले होते. व्यंकटीनं भरती करताना तेच ऐकलं. साऱ्या गावानं डोळे म्हटलं, आणि त्या एका शब्दाच्या गर्दीत रामकिशनचा एक डोळा हरवून गेला. साथ दोन्ही डोळे धरते, नसेत झोपणारा तो विषाणू मात्र बहुतेकदा एकच.

"आणि दूध?"

"मीच गेले व्हते वाटी घेऊन. गावात बाळंतीण म्हणाल तर तेवढीच एक, सरजाबाईची सून."

"त्यांच्या हातचं पाणी पिता तुम्ही?"

पार्वतीबाईनं पळी वरणात फिरवली. "डोळ्यात घालायला काय हुतंय. पोटात थोडंच जातंय ते."

असा हा न्याय. दूध डोळ्यात चालतं, पाणी घागरीत चालत नाही.

फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली ती बाळंतीण बसली होती. धुरपता तिचं नाव. सासूला धरून आणलं म्हणून तान्हं लेकरू घेऊन तीही मागोमाग आलेली. पंचशीलाला बघून तिनं उठून जयभीम घातला.

"दूध घातलं तेव्हा डोळा कसा होता गं? लाल?"

"न्हाई की. पांढरा फेक. मामींनी पण इचारलं, लाली न्हाई तर दूध कशापायी? तर पार्वतीबाई म्हणाल्या, लाली गेली, पण पोराला धुरकट दिसायलंय." लेकरू किरकिरलं तशी तिनं त्याला दुसऱ्या अंगावर घेतलं. "ते झालं आन् मग गावानं ठरवलं. टँकर आता वेशीतच खाली करत्यात. आमच्या वाड्याकडं फिरकत न्हाई. हिथं तुमच्या नळाचं पाणी तरी हाय. बाई, मामींना सोडतील का हो?"

पंचशीलाला खोटा दिलासा देता येत नसे. "बघू," एवढंच ती म्हणाली, आणि तो शब्द तिचा तिलाच टोचला. पण एक गोष्ट आता पक्की होती. दूध पडायच्या आधीच लाली गेली होती, म्हणजे थेंब आधी, दूध नंतर.

मुकादम रेवणप्पा दुपारी आला. अंगापिंडानं भरलेला, बोलायला गोड, डाव्या तळहातावर तंबाखू आणि उजव्या अंगठ्यानं चुना मळत.

"गावचा पोरगा हाय, बघायला यावं लागतं. एसटीत डायव्हर व्हायचं त्याचं नशीब होतं. बोलावणं आलंय, तपासणी राहिलीय. आता एका डोळ्यावर कोण घेणार?"

"तुमच्या तलावाच्या कामावर साथ नव्हती का?"

"होती की."

"लाल डोळ्याचा माणूस कामावर घ्यायचा नाही, असा हुकूम होता. बाकीची कामं बंद पडली. तुमचं एकदाही पडलं नाही."

"देवाची कृपा, दुसरं काय." त्यानं तंबाखू थापटली. "मी काय डॉक्टर हाय का? मी कुणाच्या डोळ्यात बघत बसत न्हाई. माझं काम खोदाईचं. पण ह्याचं काईतरी येगळं हाय हे मी तवाच म्हणलो होतो. बाकीच्यांचे दोन्ही आलते, ह्याचा एकच आला."

बोलून तो तंबाखू दाढेखाली धरायला वळला. पंचशीला मात्र जागची हलली नाही. साऱ्या गावात एकवचनात बोलणारा हा एकच माणूस होता, आणि तो म्हणत होता की मी कुणाच्या डोळ्यात बघत नाही.

४

पण शब्दाचा पुरावा कोर्टात टिकत नाही, आणि तिचा शब्द तर नाहीच नाही. ती काय बोलणार, त्याच समाजाची! हे वाक्य तिला आत्ताच ऐकू येत होतं. सगळ्यांना उघड्या डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रामकिशनला खुर्चीत बसवलं आणि पाकिटातनं केशरी टोकाची कागदी पट्टी काढली. बुबुळाची जखम रंगवून बघायचं हे औषध. एरवी ते टेकवल्यासारखं करायचं, आज तिनं सढळ हातानं लावलं. टॉर्चवर निळी काच धरली तशी जखम हिरवीगार चमकली. मधला भाग नुसता सपाट, पण कडेला अजूनही बाभळीच्या डहाळीसारखे बारीक फाटे दिसत होते. नसेत झोपणाऱ्या त्या चोराची ती सहीच होती.

"रामकिशन, लहानपणी कधी झालं होतं असं?"

"माय म्हणती, ह्याच डोळ्याला, दोन-तीन बारीला."

"आणि आता कोण काही घालतं डोळ्यात?"

"न्हाई बाई." तो खाली बघत म्हणाला.

तिनं डोळ्यावर कापसाची जाड घडी बांधली. त्या घडीत आतून तो रंग भिजलेला होता. व्यंकटीला तिनं बजावलं, "ही पट्टी मी सोडेन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, तूसुद्धा नाही." मग बाहेर जाऊन लाल डोळ्यांच्या जत्रेत बसली. हात कामात होते, जीव आत त्या खाटेपाशी.

दुपार टळल्यावर ती फौजदारांना घेऊन वॉर्डात आली. फौजदारांच्या मागं एक शिपाई सरजाबाईला घेऊन आला होता. कोर्टात न्यायच्या वाटेवर दाखला घ्यायला थांबले होते सगळे. सरजाबाई वाळकी, ताठ. दारातच थांबली. आत ये म्हणायला कुणी तयार नव्हतं, आणि ती आपण होऊन येणारी नव्हती.

"पट्टी कुणी सोडली?" पंचशीलानं विचारलं.

खाटेपाशी पार्वतीबाई, व्यंकटी आणि नुकताच आलेला रेवणप्पा होते. पट्टी जागच्या जागी होती, पण गाठ डोक्याच्या दुसऱ्या बाजूला आली होती.

"तिघंही हात दाखवा."

व्यंकटीची बोटं जांभळी. रेवणप्पाचा अंगठा चुन्यानं पांढरा. पार्वतीबाईची दोन बोटं आणि पदराचं टोक पिवळं.

"हळद हाय," पार्वतीबाई म्हणाली. "वरण केलं की. सारा दवाखाना बघतोय, मी रोज वरण करती."

"बरोबर," रेवणप्पा म्हणाला. "आता बाईमाणसाच्या हाताला हळद लागू न्हाई का?"

फौजदारांनी पंचशीलाकडं बघितलं. वॉर्डातल्या बाया-माणसं खाटांवरनं उतरून गोळा झाली होती. कुणीतरी मागून म्हणालंच, "आपल्या माणसाला वाचवायला बघायलीय."

५

"मुकादम, जरा चुन्याची डबी द्या," पंचशीला म्हणाली.

रेवणप्पानं भाबडेपणानं डबी पुढं केली.

"मावशी, तुमची हळदीची पुडी काढा." पार्वतीबाईनं मुकाट्यानं काढली. पंचशीलानं आपल्या तळहातावर चिमूट घेतली, पाण्याचा थेंब टाकला, त्यावर चुन्याचं बोट फिरवलं. तळहातावर लालभडक ठिपका उमटला.

"हळदीला चुना लागला की काय होतं?"

"कुंकू," दोन-तीन बाया एकदमच म्हणाल्या. हे कुणाला शिकवायला लागत नाही.

मग तिनं तोच चुना पार्वतीबाईच्या बोटांना लावला. सगळे माना पुढं करून बघत होते. बोटं लाल झाली नाहीत. होती तशीच पिवळी राहिली, उलट जरा हिरवट दिसायला लागली. पंचशीलानं खिडकीचं दार ओढून घेतलं आणि निळ्या काचेचा टॉर्च लावला. पार्वतीबाईची दोन बोटं काजव्यासारखी पेटली.

"हा रंग मी सकाळी ह्याच्या डोळ्यात घातला होता. पट्टी सोडल्याशिवाय तो बोटाला लागत नाही. मावशी, बाटली द्या."

पार्वतीबाईचा हात कमरेशी गेला. कमरेच्या चंचीतनं, पानसुपारीच्या खालून, तिनं करंगळीएवढी बाटली काढली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, असं तिच्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. वाचता कुणाला येत होतं!

"मुकादमानं दिली," ती पुटपुटली. "म्हणला, कुणाला सांगू नगंस, न्हाई तर साऱ्यांचं काम जाईल."

"साहेब, मी इख दिलं का?" रेवणप्पाचा आवाज चढला. "दवा दिली, दवा! लाल डोळ्याचा माणूस घेऊ नका असा वरून हुकूम. निम्मं गाव उपाशी घरी बसलं असतं. रांगेत उभं करून येकेकाच्या डोळ्यात थेंब घातला, डोळे पांढरे झाले, काम चाललं. तवा हेच लोक माझ्या पाया पडत होते. दुसऱ्या एकाचा तरी डोळा गेला का?"

"नाही गेला. कारण त्यांचा रोग आपोआप जाणारा होता. ह्याचा वेगळा होता, आणि ते सगळ्यांच्या आधी तुम्हाला दिसलं. एकच डोळा आलाय, हे काल तुम्हीच मला सांगितलंत. कळूनही पुरी बाटली त्याच्या आईच्या हातात दिलीत. मग डाग दिसला तसे घाबरलात आणि हिच्या तोंडी दुधाचं नाव घातलंत."

रेवणप्पानं आपली चुन्याची डबी उचलून खिशात टाकली. "नाव कुणाचं तरी घ्यावंच लागतंय," तो म्हणाला, इतक्या सहज, की ऐकणाऱ्यांना लाज वाटावी.

"आणि तू रे?" पंचशीला रामकिशनकडं वळली. "तुला तर माहीत होतं, डोळ्यात रोज काय पडतंय."

"तपासणीला लाल डोळा दिसला तर घेतलं नसतं," रामकिशन म्हणाला. "मीच मायला म्हणलो, घाल म्हणून. थेंब पडला की बरं वाटायचं."

"आणि ती बाई तुझ्यापायी कुलपात बसली होती, ते?"

तो भिंतीकडं बघत राहिला. दारातनं सरजाबाईचा आवाज आला, अगदी शांत.

"वाटी त्यांची, दूध आमचं, थेंब मुकादमाचा. आन् हात त्याच्या मायचा. मग मी कशात होते गं, लेकी?"

पार्वतीबाईनं मान वर केली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तिनं पंचशीलाचे पायच धरले.

"बाई, दाखल्यावर दुधानंच गेला म्हणून लिवा. तुमचं काय जातंय? माझ्या हातानं माझ्या लेकराचा डोळा गेला, हे घेऊन मी कशी जगू?"

"आणि मी कुठं जाऊ?" सरजाबाईनं विचारलं.

पंचशीलानं पाय सोडवून घेतले आणि टेबलाशी जाऊन दाखला लिहिला. दूध पडायच्या आधी डोळा कशानं बिघडला आणि नंतर जखम कशानं वाढली, ते सगळं सरळ लिहिलं आणि खाली सही केली.

६

सरजाबाई सुटली. कुणी चुकलो म्हटलं नाही. फौजदारांनी रेवणप्पाला चार शिव्या घातल्या आणि सोडून दिलं. "गुन्हा कोणता लावू बाई? दवा दिली म्हणून?" ते म्हणाले. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी तो तलावाच्या कामावर परत हजर होता.

थेंब बंद झाले. पंचशीलानं विषाणूवरचं मलम सुरू केलं, ते मिळवायला सोलापूरला माणूस धाडावा लागला. आणि मग तो डोळा जागा झाला. लालबुंद, सुजलेला, पाणी वाहणारा. रामकिशन डोकं धरून खाटेवर लोळायला लागला. पंचशीलाला मात्र आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. जागल्या परत आला होता, आता भोक पडणार नव्हतं. डोळा राहील. पण बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडेल तो कायमचा, त्या डोळ्यानं दिवस-रात्रीपलीकडं काही दिसायचं नाही, आणि एसटीचं चाक काही हातात यायचं नाही. हे तिनं मायलेकरांना सांगितलं. लाली बघून घाबरू नका, हेही सांगितलं. पार्वतीबाईनं ऐकून घेतलं, ऐकलं नाही.

चार दिवसांनी, संध्याकाळच्या आधी पंचशीला फाटकाशी आली. इथं पाणी तरी आहे म्हणून थांबलेल्या धुरपता आणि सरजाबाई लिंबाखाली गाठोडं बांधत होत्या, गावाकडच्या जीपची वेळ झाली होती. त्यांच्यापुढं, हातभर अंतर ठेवून, पार्वतीबाई उभी होती. पदराआड पितळेची वाटी.

"लई आग व्हायलीय गं त्याच्या डोळ्याची," ती म्हणत होती. "थोडं दूध दे. तुझ्या दुधानं आग थांबती. थेंबभर दे, वरूनच घाल वाटीत."

पंचशीला जागीच थबकली. म्हणजे ह्या बाईनं दुधावर कधीच शक घेतला नव्हता. एक दिवससुद्धा नाही. फौजदारापुढं दुधाचं नाव सांगताना नाही, आणि तिचे पाय धरून तेच लिहा म्हणताना तर नाहीच.

तिनं पाऊल पुढं टाकलं, पण सरजाबाईनं हातानंच तिला थांबवलं.

धुरपतानं लेकराला अंगावरनं बाजूला केलं. ते कोरडंच चोखत होतं, तरी सोडायला तयार नव्हतं.

"इथल्या नळाचं पाणी मिळालं, पण उशीर झाला, मावशी," धुरपता म्हणाली. "टँकर बंद केलात त्याच आठवड्यात दूध आटलं. वाटी घिऊन जावा."